धक्का नसलेलं बंदर

२३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ अजून लख्ख आठवते. सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम चंद्रावर टेकला आणि टाळ्या ओसरायच्या आत पुढचा प्रश्न निघाला: आता मंगळावर कधी? तेव्हापासून या प्रश्नावर जो वाद चालू आहे तो मी मन लावून वाचत आलो आहे, आणि दर वेळी वाटतं की भांडण भलत्याच मैदानात चाललंय. एक बाजू म्हणते, अग्निबाण पुरेसा मोठा झाला की मंगळ आपला. माणसं पाठवण्याच्या तारखाही जाहीर झाल्यात, उगाच शंका कशाला? दुसरी बाजू म्हणते, आधी शाळा, दवाखाने, पिण्याचं पाणी. मंगळ ही श्रीमंतांची हौस. दोघं एकमेकांवर तुटून पडतात, पण एक गोष्ट दोघांनीही न तपासता मान्य केलेली असते. ती म्हणजे सगळी अडचण निघण्याची आहे: पैशाची, इंधनाची, इच्छाशक्तीची. एकदा निघालं की पोहोचणं आलं आणि पोहोचलं की उतरणं आलंच, असं दोघंही धरून चालतात.

मला हे गृहीतकच अमान्य आहे. मंगळाच्या कक्षेपर्यंत जाणं कठीण असलं तरी ते आपल्याला जमलेलं आहे. भारताला तर २०१४ मध्ये पहिल्याच प्रयत्नात जमलं. माणसाच्या मंगळवारीचा खरा निकाल लागणार आहे तो प्रवासाच्या शेवटच्या सात मिनिटांत, आणि तोही वजनावर. वीस टनांचा बोजा मंगळाच्या जमिनीवर अलगद, ठरल्या जागी आणि पुन्हा पुन्हा उतरवून दाखवल्याशिवाय माणूस पाठवण्याची तारीख सांगणं ही लोकांची दिशाभूल आहे. ती तारीख सरकारी संस्थेनं सांगितली काय किंवा खाजगी कंपनीनं सांगितली काय, फरक पडत नाही. त्या वीस टनांच्या दिशेनं चाललेलं संथ, न दिसणारं काम वायफळ ठरवणं ही दुसऱ्या बाजूची तितकीच मोठी चूक आहे.

आधी आकडे पाहू. २० जुलै १९७६ ला अमेरिकेचं व्हायकिंग-१ मंगळावर उतरलं. जमिनीवर टेकलं तेव्हा त्याचं वजन साधारण ६०० किलो होतं. १८ फेब्रुवारी २०२१ ला पर्सिव्हरन्स ही बग्गी उतरली, तिचं वजन १०२५ किलो. मंगळावर शाबूत उतरलेली आजवरची सगळ्यात जड वस्तू हीच. म्हणजे ४५ वर्षांत आपण दुपटीपर्यंतही गेलो नाही. मधल्या काळात संगणक कुठून कुठे गेले, खिशातल्या फोननं जग व्यापलं, आणि मंगळावर उतरवायचं वजन मात्र एका लहान मोटारगाडीपाशी अडकलं. माणसांच्या मोहिमेसाठी एका खेपेला लागणारा बोजा नासाच्या वेगवेगळ्या अभ्यासांत २० टनांपासून ४० टनांपर्यंत धरला गेला आहे. कमीत कमी आकडा घेतला तरी ही वीसपट उडी आहे. ४५ वर्षांत दुप्पटही न झालेली गोष्ट दहा वर्षांत वीसपट होणार, असं कुणी म्हणत असेल तर ‘कशी?’ हा प्रश्न सगळ्यात आधी यायला नको का?

‘कशी’चं उत्तर अवघड आहे ते मंगळाच्या हवेमुळे. चंद्रावर हवाच नाही, त्यामुळे तिथे सगळा वेग इंजिनानंच मारावा लागतो. पण चंद्राच्या कक्षेतला वेग सेकंदाला जेमतेम पावणेदोन किलोमीटर असतो. शुक्रावर हवा इतकी दाट की सोव्हिएत व्हेनेरा यानांनी पॅराशूट वरच सोडून दिलं आणि यानाभोवतीच्या रुंद कड्याच्या आधारानं उरलेलं अंतर कापलं. पृथ्वीवर परतणाऱ्या कुपीला हवाच सांभाळते. मंगळ या सगळ्यांच्या मधे अडकलाय. तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहून कमी. मंगळाच्या जमिनीलगत जेवढी विरळ हवा असते, तेवढी आपल्याकडे तीसेक किलोमीटर उंचीवर असते. यान जाळायला ती पुरेशी आहे, थांबवायला अपुरी. शिवाय यान येतं सेकंदाला साडेपाच-सहा किलोमीटर वेगानं. वेगाच्या वर्गाचा हिशेब केला तर चंद्राच्या दहापट ऊर्जा विझवायची असते. ‘चंद्रावर उतरलो, आता मंगळ म्हणजे पुढची पायरी’ हे म्हणूनच खरं नाही; ती वेगळ्याच इमारतीतली पायरी आहे.

आता वजनाकडे येऊ. झाडावरून पिंपळाचं पान पडताना आणि नारळ पडताना कुणीही पाहिलेलं असतं. पानाला हवा झेलते, नारळाला झेलत नाही, कारण नारळाच्या वजनाच्या मानानं हवेला अडवायला मिळणारं अंग फार थोडं. वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की वजन आठपट होतं आणि अंग चौपट; दर वाढीगणिक ती नारळाकडे झुकते. पर्सिव्हरन्सच्या उष्णतारोधक कवचाचा व्यास साडेचार मीटर होता आणि पॅराशूटचा साडेएकवीस मीटर. हेच प्रमाण राखून वीसपट वजन उतरवायचं ठरवलं, तर कवच वीस मीटर रुंद लागेल आणि पॅराशूट जवळजवळ फुटबॉलच्या मैदानाच्या लांबीएवढं. वीस मीटरचं टणक कवच कोणत्या अग्निबाणाच्या टोकात मावणार? आणि शंभर मीटरचं पॅराशूट आवाजाच्या दुप्पट वेगानं जाताना, थोडक्या सेकंदांत, न फाटता उघडणार कसं? कवच लहान ठेवलं तर जड यान पॅराशूट उघडता येईल इतकं मंदावायच्या आतच जमिनीपाशी पोहोचतं. जुन्या पद्धतीचा रस्ता इथे संपतो.

हे मी कागदी भीती म्हणून सांगत नाही. नासानं २०१४ आणि २०१५ मध्ये हवाईतल्या काउआई बेटाजवळ समुद्रावर खूप उंचीवर तीस मीटरच्या पॅराशूटची चाचणी घेतली होती. दोन्ही वेळा ते फाटलं. तिथले लोक अडाणी नव्हते. व्हायकिंगपासूनचा सगळा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पर्सिव्हरन्सचं लहान पॅराशूटही २०१७ आणि २०१८ मध्ये तीनदा अग्निबाणावरून सोडून तपासलं, तेव्हा कुठे ते मंगळावर गेलं. शेवटच्या चाचणीत ते सेकंदाच्या चार दशांशांत घट्ट गाठोड्यापासून पूर्ण छत्रीपर्यंत उघडलं आणि त्या क्षणी त्याच्या दोऱ्यांनी तीसेक टनांचा ताण सोसला. एक टनाच्या बग्गीसाठी ही तयारी होती.

इथे विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा येतो आणि तो मी कमी लेखणार नाही. पॅराशूटचा रस्ता संपला तर इंजिनं लावा, समोरून येणाऱ्या हवेच्या तोंडावर ज्वाळा सोडून वेग मारा, ही कल्पना साठच्या दशकापासून कागदावर होती. आवाजापेक्षा कितीतरी जास्त वेगात असताना हवेच्या प्रवाहाविरुद्ध इंजिन पेटवलं तर यान डोलेल, उलटेल, इंजिन विझेल, अशा शंका दशकानुदशकं घेतल्या गेल्या. मग २९ सप्टेंबर २०१३ ला स्पेसएक्स या खाजगी अमेरिकी कंपनीनं फाल्कन-९ अग्निबाणाचा पहिला टप्पा परत येताना वरच्या विरळ हवेत इंजिनं पेटवली आणि ती पेटलेली राहिली. तो थर जवळजवळ मंगळाच्या हवेसारखाच. पुढच्या वर्षी नासानं आपल्या विमानांवरच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यांनी हे चित्रित करून अभ्यासलं, कारण मंगळासाठी हवी ती माहिती फुकट मिळत होती. डिसेंबर २०१५ मध्ये एक टप्पा उभाच्या उभा जमिनीवर उतरला. आता ती नेहमीची गोष्ट झालीय. त्या रिकाम्या टप्प्याचं वजन पंचवीस टनांच्या आसपास असतं. म्हणजे आपण ज्या वजनाबद्दल बोलतोय तेवढंच. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि ‘हे होणारच नाही’ म्हणणाऱ्यांनी २०१५ नंतर तरी शब्द जपून वापरायला हवेत.

पण यातून नेमकं सिद्ध काय झालं? तो टप्पा अग्निबाणापासून सुटतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला दोन किलोमीटरच्या आसपास असतो. मंगळावर येणाऱ्या यानाचा साडेपाच. ऊर्जेत हा सात-आठ पटींचा फरक. विरळ थर ओलांडल्यावर फाल्कनला खाली पृथ्वीची दाट हवा मिळते आणि उरलेल्या वेगातला मोठा हिस्सा ती फुकट खाते. मंगळावर तो खालचा थर नाहीच. फाल्कन उतरतो तो काँक्रीटच्या सपाट चौथऱ्यावर किंवा समुद्रातल्या तराफ्यावर, आणि डोक्यावर जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. सगळ्यात महत्त्वाचा फरक वेळेचा. फाल्कन उतरायला शिकला तो आपटत आपटत. समुद्रात पडला, तराफ्यावर कोसळला, आणि दर वेळी काही महिन्यांत सुधारलेला टप्पा पुन्हा तयार होता. मंगळाकडे जाण्याचा मुहूर्त येतो साधारण २६ महिन्यांतून एकदा. दहा वर्षांत चार-पाच संधी. यावर सांगितलं जातं की एकाच मुहूर्तावर पाच-दहा यानं पाठवू. पाठवता येतील, पण ती मागोमाग निघतात आणि मागोमाग पोहोचतात. पहिलं कोसळलं आणि दोष कवचात किंवा पायात निघाला, तर वाटेत असलेल्या बाकीच्यांमध्ये तो कोण दुरुस्त करणार? चुकांतून झपाट्यानं शिकण्याची जी पद्धत पृथ्वीवर यशस्वी झाली, तिचा पायाच मंगळावर उपलब्ध नाही.

तारखांचाही हिशेब मांडायला हवा. २०१७ मध्ये ॲडलेडला झालेल्या अंतराळ परिषदेत स्पेसएक्सचे इलॉन मस्क यांनी २०२२ मध्ये मंगळावर दोन मालवाहू यानं आणि २०२४ मध्ये माणसं, असा बेत मांडला होता. ही आकांक्षा आहे असं त्यांनी म्हटलं होतं हे खरं. पण ऐकणाऱ्यांनी ती वेळापत्रक म्हणूनच ऐकली. त्याच वर्षी त्यांच्या कंपनीनं मंगळावर लहानसं ड्रॅगन यान उतरवण्याची आपली आधीची योजना सोडून दिली होती. २०२२ गेलं, २०२४ गेलं. मंगळावर त्या कंपनीचा एक किलोही उतरलेला नाही. उशीर होणं गुन्हा नाही, अंतराळात उशीर सगळ्यांनाच होतो. पण उतरवलेलं वजन शून्य असताना चर्चा वस्तीतल्या कायद्यांपर्यंत पोहोचते, तेव्हा कुणीतरी थांबवून विचारायला हवं.

दुसरा विरोधी मुद्दा जास्त शहाणा आहे आणि एके काळी मलाही तो पटला होता. वीस टन एकदम कशाला? एकेक टनाची वीस गाठोडी करा. स्काय क्रेनची पद्धत २०१२ मध्ये क्युरिऑसिटीला आणि २०२१ मध्ये पर्सिव्हरन्सला चालली. इंजिनांवर तरंगणाऱ्या चौकटीखाली बग्गी दोरांनी सोडायची आणि जमिनीला चाकं लागली की दोर कापायचे. ती पुन्हा पुन्हा वापरा. या युक्तिवादामागे आपल्या किनाऱ्यावरचा जुना अनुभवही उभा राहतो. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी कोकणातल्या कितीतरी बंदरांत धक्का नसल्यानं समुद्रातच थांबायच्या, आणि माणसं, पेट्या, आंब्याच्या करंड्या सगळं पडावांतून, म्हणजे छोट्या होड्यांतून, किनाऱ्याला यायचं. मुंबईतही १८७५ ला ससून डॉक आणि १८८० ला प्रिन्सेस डॉक होईपर्यंत परदेशी जहाजांचा बराच माल पडाव-मचव्यांतूनच उतरत असे. आगबोट केवढीही असो, एका वेळी किनाऱ्याला लागणारं वजन ठरवायचा तो पडाव.

याच विचारानं चंद्र जिंकला हेही खरं. १९६१-६२ मध्ये अमेरिकेत वाद पेटला होता. एक मत असं की एकच प्रचंड अग्निबाण थेट चंद्रावर नेऊन उभा करायचा आणि त्यातूनच परत निघायचं. जॉन हूबोल्ट या अभियंत्यानं वरिष्ठांचा रोष पत्करून लावून धरलं की मोठं यान चंद्राभोवती फिरत ठेवा आणि उतरायला फक्त एक लहान होडी पाठवा. जुलै १९६२ मध्ये त्याचं म्हणणं मान्य झालं. उतरवायचं वजन कमी झालं म्हणूनच दशक संपायच्या आत माणूस चंद्रावर उभा राहिला. नीट पाहिलं तर अपोलोचा सगळ्यात मोठा निर्णय अग्निबाणाबद्दलचा नव्हताच, काय आणि किती उतरवायचं याबद्दलचा होता. आजच्या मंगळ-वादात हा प्रश्न कुणी घेतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

तरीही गाठोड्यांचा मार्ग पुरा पडत नाही. पडावातून आंब्याच्या करंड्या उतरतात, आगगाडीचं इंजिन उतरत नाही. मंगळावरून माणसांना परत वर आणणारा अग्निबाण तुकड्यांत उतरवता येत नाही, कारण तो जोडायला तिथे कारखाना नाही. वीजनिर्मितीची अणुभट्टी, राहण्याचं हवाबंद घर, दोन्हींचं तेच. परतीच्या इंधनाचा प्रश्न आणखी दांडगा. नासाच्या हिशेबानुसार चार माणसांना मंगळावरून उचलायला साधारण ७ टन इंधन आणि २५ टन प्राणवायू लागेल. तो प्राणवायू तिथल्याच हवेतून काढायचा बेत आहे. पर्सिव्हरन्सवर मॉक्सी नावाचं छोटं यंत्र त्यासाठीच पाठवलं होतं आणि ते उत्तम चाललं. २०२१ ते २०२३ मध्ये १६ वेळा चालवून त्यानं एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू बनवला. १२२ ग्रॅमपासून २५ टनांपर्यंत जायचं तर मोठं संयंत्र हवं, त्याला सतत वीज हवी, आणि हे दोन्ही माणसांच्या आधी उतरून, सुरू होऊन, टाकी भरून तयार हवं.

शिवाय वीस गाठोडी उतरणार कुठे? व्हायकिंगच्या वेळी यान पडण्याची शक्यता असलेला लंबगोल २८० किलोमीटर लांब होता. क्युरिऑसिटीच्या वेळी तो २० किलोमीटरवर आला, पर्सिव्हरन्सच्या वेळी आठाच्याही आत. खाली येताना यानानं स्वतः जमिनीची छायाचित्रं घेऊन नकाशाशी ताडून जागा निवडायची, हे तंत्र थक्क करणारं आहे. पण आठ किलोमीटरच्या लंबगोलात विखुरलेले वीस डबे गोळा करायला ज्या जड गाड्या लागतील, त्याही कुणीतरी उतरवायलाच हव्यात. मंगळावरचे दगड परत आणण्याच्या मोहिमेत तर माणूसही नव्हता. एक लहान अग्निबाण तेवढा उतरवायचा होता. २०२३ मध्ये स्वतंत्र समितीनं तिचा खर्च ८ ते ११ अब्ज डॉलरवर जाईल असं सांगितलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये नासानं दोन पर्याय मांडले: सुधारलेली स्काय क्रेन, किंवा खाजगी कंपनीचं नवं जड उतरणयान. अडलेल्या मोहिमेतून वाट काढताना विचारावं लागलं ते उतरवायचं कसं हेच.

वजन वाढलं की जमीनही गप्प बसत नाही, हा मुद्दा मला सगळ्यात अस्वस्थ करतो. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ चंद्रावर आधीच उभ्या असलेल्या सर्व्हेयर-३ पासून दीडशे-पावणेदोनशे मीटरवर उतरलं. अंतराळवीरांनी त्या जुन्या यानाचे काही भाग परत आणले, तर त्यांच्यावर इंजिनानं उडवलेल्या धुळीचा मारा बसल्याच्या खुणा निघाल्या. २००८ मध्ये फिनिक्स यानाच्या इंजिनांनी मंगळाची माती अशी झटकली की खालचं बर्फ उघडं पडलं. क्युरिऑसिटी तर दोरांवरून, इंजिनांपासून दूर उतरली होती, तरी तिचा वारा मोजणारा एक संवेदक निकामी निघाला; उडालेले खडे लागले असावेत असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. हे सगळं टनभर वजनाच्या पातळीवर. एप्रिल २०२३ मध्ये टेक्सासला स्पेसएक्सचं महाकाय स्टारशिप पहिल्यांदा उडालं तेव्हा खालचं काँक्रीट फुटून त्याचे तुकडे दूरवर फेकले गेले. तिथे ३३ इंजिनं होती आणि उतरताना थोडीच चालतात, हा फरक मोठा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. पण मंगळावर काँक्रीटही नाही. उभं राहायच्या जागीच खड्डा खणत उतरणारं उंच यान तिरकं झालं तर? शेजारच्या अणुभट्टीवर दगडांचा मारा झाला तर? पहिलं यान उतरतं तेव्हा जवळ कुणी नसतं. दुसरं उतरतं तेव्हा पहिलं असतं, आणि कदाचित त्यात माणसंही असतात.

‘आधी पृथ्वी’ म्हणणाऱ्यांशी मला फार भांडायचं नाही, कारण त्यांच्या म्हणण्यातली कळकळ खरी आहे. टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला मंगळाच्या हवेचा दाब सांगू नये. पण एक विनंती करावीशी वाटते. तुमचा राग जाहिरातीवर आहे की कामावर? माणूस अमुक साली मंगळावर उतरणार ही जाहिरात आहे. तिच्यावर रागवा, मीही तुमच्याबरोबर आहे. पॅराशूट फाटतं का हे पाहणं, फुगणारं कवच तापलेल्या हवेत टिकतं का हे तपासणं, हे काम आहे. ते त्या मानानं स्वस्त असतं, संथ असतं, आणि सरकारी पैशातून झालं तर त्याचे निष्कर्ष सगळ्यांना वाचता येतात. खर्चात कपात करायची वेळ आली की आधी हेच कापलं जातं, घोषणा मात्र तशाच राहतात.

संथ काम म्हणजे काय हे आपल्याला बाहेर शोधायला नको. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चा विक्रम आपटला. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, चुका साचत गेल्या, त्या सुधारायला यानाला वळण्याची मोकळीक कमी पडली, आणि उतरायची जागा होती अवघी ५०० मीटर बाय ५०० मीटर. चांद्रयान-३ करताना इस्रोनं ती जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली, पाय भक्कम केले, इंधन वाढवलं, वेग मोजणारं लेझरचं नवं उपकरण बसवलं, पाचपैकी मधलं इंजिन काढून टाकलं. तेव्हाचे इस्रोप्रमुख एस. सोमनाथ यांनी सांगितलं की यावेळी यशाऐवजी अपयश धरून आराखडा केला: काय काय बिघडू शकतं याची यादी करायची आणि ते बिघडूनही यान उतरेल असं बघायचं. मंगळाच्या इतिहासात ही यादी आयती पडलेली आहे. १९९९ मध्ये मार्स पोलर लँडरच्या पायांना उघडताना हिसका बसला, तो जमीन लागल्याचा संकेत समजला गेला, आणि बहुधा चाळीसेक मीटरवरच इंजिनं बंद झाली. २०१६ मध्ये युरोपच्या स्कियापरेल्लीला पॅराशूट उघडताना असा हेलकावा बसला की मापकयंत्र क्षणभर गोंधळलं आणि संगणकानं हिशेब केला की आपण जमिनीच्या खाली आहोत. प्रत्यक्षात ते तीन-चार किलोमीटर वर होतं. त्यानं पॅराशूट सोडून दिलं. वजन वाढवताना या प्रत्येक चुकीला नवी भावंडं होणार आहेत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मंगळाबद्दल कुणीही, कुठल्याही देशाचा, तारीख सांगू लागला की त्याला तीन आकडे विचारावेत: आजवर किती वजन उतरवलंत, ठरल्या जागेपासून किती अंतरावर, आणि लागोपाठ किती वेळा. माणूस ज्या यानातून जाणार त्याच जातीचं, तेवढ्याच वजनाचं यान त्याच जागी माणसाविना निदान तीन वेगवेगळ्या मुहूर्तांवर उतरलेलं असावं. म्हणजे पहिल्या यशस्वी उतरणीनंतर चार वर्षांहून जास्त थांबायचं. इतकं थांबणं परवडणार नाही, असं मला सांगितलं जाईल. चंद्राच्या शर्यतीत अमेरिकेलाही घाई होती. तरी पहिल्या माणसाआधी त्यांची पाच सर्व्हेयर यानं चंद्रावर अलगद उतरलेली होती.

भारतानं यात काय करावं, हेही त्याच तीन आकड्यांतून निघतं. आपल्याकडे इतका मोठा अग्निबाण नाही, लगेच होणारही नाही. पण वीस मीटरचं कवच अग्निबाणाच्या टोकात मावत नाही या कोड्याला एक उत्तर असं आहे की ते घडी घालून न्यायचं आणि वर गेल्यावर फुगवायचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये नासानं सहा मीटरचं असं कवच कक्षेतून, ताशी सुमारे २९ हजार किलोमीटर वेगानं पृथ्वीच्या हवेत आणलं आणि ते शाबूत समुद्रात पडलं. त्याच्या दोन महिने आधी, ३ सप्टेंबर २०२२ ला, केरळातल्या थुंब्याहून इस्रोनं एक छोटा रोहिणी अग्निबाण सोडला होता. त्याच्या टोकात केवलरच्या कापडाचं, घडी घातलेलं एक कवच होतं. ८४ किलोमीटर उंचीवर कोंडलेला नायट्रोजन सोडून ते फुगवलं आणि हवेत मंदावत ते खाली आलं. त्या दिवशी कुठल्याही चौकात मोठा पडदा लागला नव्हता. पुढची चाचणी याहून मोठ्या कवचाची, याहून जास्त वेगानं करायची आहे. तिच्यासाठी किती पैसे ठेवले जातात हे मी दर अर्थसंकल्पात शोधतो.